एक हजार सत्त्याऐंशीवा स्लीपर

चहाचा कप हातात आला की मावशी आधी तो नखाने वाजवायची. मग प्यायची.

रुळांखालच्या लाकडी स्लीपरवर कधी पाय द्यायची नाही. खडीवरून चालायची. खडी बोचते म्हणून नाही, तर स्लीपर "कामावर असतात" म्हणून.

हातोडी ठेवताना नेहमी आडवी ठेवायची आणि तिच्यावर रुमाल टाकायची. डबा खाताना ती शेजारी असायचीच.

भावाशी बोलताना इंजिनाकडे बघायची. भाऊही इंजिनाकडेच बघून उत्तर द्यायचा. त्यांचं बोलणं इंजिनाच्या अंगावरून जायचं.

दिवसाची पहिली गाडी सुटली की वळणावर जाऊन गाडीकडे पाठ करून उभी राहायची. डोळे मिटलेले. शेवटचा डबा गेला की मान हलवायची आणि मगच कँटीनकडे वळायची.

कुणी "बरी आहेस का?" विचारलं तर म्हणायची, "वाजवून बघ."

माझ्या भाड्याच्या खोलीवर पहिल्यांदा आली तेव्हा तिने दाराची चौकट दोन ठिकाणी ठोकली. म्हणाली, "खालून गेलीये. मालकाला सांग." मी सांगितलं. मालक हसला. दोन महिन्यांनी चौकट दारासकट माझ्या अंगावर आली. मालकाने नवी बसवली आणि त्यावर रंग दिला. तेव्हा मला रंगाबद्दल काही वाटलं नव्हतं.

आता वाटतं. हे मी रागात लिहिते आहे. राग उतरेपर्यंत थांबले तर लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.

मावशी आमच्या करमणूक बागेतल्या छोट्या आगगाडीचा रूळ सांभाळायची. रुळांमधलं अंतर सव्वा फूट. इंजिन खरं, कोळशाचं, वाफेचं, माणसाच्या छातीएवढं उंच. मागे सहा उघडे डबे. स्टेशनवरून निघायचं, तळ्याला वळसा घालायचा, लाकडी पूल ओलांडायचा, बोगद्यात शिरायचं, गोदामामागून परत यायचं. बाराशे मीटर. नऊ मिनिटं. इंजिन तिचा धाकटा भाऊ चालवायचा. मी दुसऱ्या डब्यात ध्वनिक्षेपक घेऊन बसायचे आणि मुलांना गोष्ट सांगायचे. साहित्यात एम. ए. केल्यावर मला मिळालेली ही पहिली नोकरी. मावशी मला 'एमे' म्हणायची.

"ए एमे, तुझ्या गोष्टीत राक्षस कुठे येतो?"

"बोगद्यात."

"मग त्याला सांग, आत पाणी गळतंय. बघ काही करतो का. साहेबांना सांगून थकले."

ती आधी कौलांच्या कारखान्यात होती. भट्टीतून निघालेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. दिवसाला चार हजार कौलं, सतरा वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा भावाने तिला इथे आणलं. तिला रुळातलं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने हातोडी उचलली, एक स्लीपर ठोकला, दुसरा ठोकला, आणि म्हणाली, "हा बद्द आहे." उकरून पाहिलं. आतून भुसा झाला होता. त्याला एकोणीस वर्षं झाली.

बाराशे मीटरमध्ये चोवीसशे लाकडी स्लीपर होते. सगळे वाजवायला दोन पूर्ण दिवस लागायचे. ते ती वर्षातून एकदा, बाग आठवडाभर बंद असायची तेव्हा करायची. जो स्लीपर खराब व्हायला लागलाय त्याच्या टोकाला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका. एक ठिपका म्हणजे लक्ष ठेवा. दोन म्हणजे या महिन्यात बदला. तीन म्हणजे बदलल्याशिवाय गाडी नाही. रोज सकाळी फक्त ठिपकेवाले वाजवायचे. तेवढं दीड तासात व्हायचं. पावडरच्या जुन्या डबीत रंग, आणि ब्रश म्हणून भावाचा टाकून दिलेला दात घासायचा ब्रश. एवढाच तिचा कारभार.

मी एकदा विचारलं, वहीत का नाही लिहून ठेवत.

"काय लिहू? डावीकडून कितवा? स्लीपरला नंबर नाहीत. पत्र्याचे नंबर मागितले होते. सहा वर्षं झाली."

"मग?"

"मग काय. ठिपका आहे ना. वही माझ्या खिशात राहील. ठिपका स्लीपरवर राहतो. उद्या मी नसले तरी दुसऱ्याला दिसेल."

तिने मलाही शिकवायचा प्रयत्न केला. तासभर ठोकत होते. मला सगळे सारखेच वाजत होते. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. तू राक्षसाचं बघ."

या वर्षी ठिपके वाढले होते. एकशे त्रेचाळीस. नवीन स्लीपर तिने साठ मागितले होते, चौदा आले. दोन ठिपक्यांचे स्लीपर महिना उलटला तरी तिथेच होते. म्हणून ती रोज अर्धा तास लवकर येत होती.

आता माझी चूक. ती टाळून पुढे जाता येणार नाही.

मुलं डब्यातून वाकून रूळ बघायची. "हे निळं काय आहे?" सगळी विचारायची. कुजलेला स्लीपर हे उत्तर गोष्टीत बसत नव्हतं. मग मी एक रचलं. म्हटलं, इथे जंगलातले प्राणी झोपलेत. जिथे निळा ठिपका, तिथे आपण श्वास रोखायचा, म्हणजे ते जागे होणार नाहीत. मुलांना ते फार आवडलं. सबंध गाडी ठिपका आला की गप्प व्हायची. बोगद्यात तर एकोणतीस ठिपके होते. तिथे मुलं लालबुंद व्हायची. मला माझं कौतुक वाटत होतं.

मावशीला सांगितलं तेव्हा ती हसली. "बरं झालं. निदान पोरं तरी मोजतायत."

पोरं मोजत होती, म्हणूनच आईबाप मोजायला लागले. एका शनिवारी एका वडिलांनी मावशीलाच गाठलं. ती वळणावर उभी होती.

"बाई, हे ठिपके नक्की कशाचे हो?"

मावशीला खोटं बोलता यायचं नाही. सुचायचंच नाही. म्हणाली, "कुजत आलेल्या स्लीपरचे."

"कुजत आलेल्या?"

"घाबरू नका. एक गेला तर दोन शेजारी रूळ धरून ठेवतात. ओळीने तीन गेले तर रूळ फाकतो. तसं मी होऊ देत नाही."

वडिलांनी तक्रारवहीत पानभर लिहिलं. खाली सही, फोन नंबर, आणि बागेच्या मालकांना पत्र पाठवणार असल्याची सूचना.

मंगळवारी बागेला पंचवीस वर्षं होणार होती. मालक येणार होते, पाहुणे येणार होते, दुपारी चार वाजता सगळे छोट्या गाडीतून फेरी मारणार होते; त्या दिवशी गाडीची तेवढी एकच फेरी होती. रविवारी सकाळी व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावलं. माणूस गोड बोलणारा. खुर्चीवरून उठून दार स्वतः लावतो.

"तुमची ती प्राण्यांची गोष्ट सुंदर आहे. एक काम करा. तक्रारीला उत्तर लिहा. ठिपके ही गोष्टीसाठी केलेली सजावट आहे, असं. जरा छान शब्दांत."

"पण ते तर..."

"स्लीपर बदलायचे ते आम्ही बदलूच. लोक उगाच घाबरतात. तुम्ही लेखिका आहात, तुम्हाला कळतं."

मला कुणीतरी लेखिका म्हटलं होतं. मी लिहिलं. 'बालमनाच्या कल्पनाविश्वाला रंगाची जोड' असं लिहिलं. कागद तिकीटखिडकीवर चिकटवला गेला. स्लीपर बदलतील असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

सोमवारी बाग बंद असते. त्या दिवशी दोन रंगारी फवारणीचं यंत्र घेऊन आले. आधी त्यांनी भेगा पुट्टीने बुजवल्या. मग चोवीसशे स्लीपरवर चॉकलेटी रंग मारला. एक ठिपका शिल्लक ठेवला नाही.

मंगळवारी सहा वाजता मावशी आली. मीही लवकर आले होते, फुगे बांधायचे होते. ती स्टेशनाच्या कडेला उभी राहून रुळाकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. भाऊ इंजिनाला तेल घालत होता. त्याने हात पुसले आणि खाली उतरला.

"ताई, मला काल कुणी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगतील."

"आता?"

"आता सगळे वाजवायचे."

"चोवीसशे? गाडी चारला आहे."

"मग लवकर लागायला पाहिजे."

मी विचारलं, "मावशी, आठवत नाही का कुठले होते ते?"

"किती होते ते आठवतं. पुलावर सतरा, बोगद्यात एकोणतीस. कुठले, ते ठिपक्यांना माहीत होतं."

मग ती म्हणाली, "एमे, खडू आण. तुझ्या त्या फळ्याचा. मोजायचं काम तुझं."

तिने रुळावर लाल झेंडी रोवली आणि सुरू केलं. प्रत्येक स्लीपरची दोन टोकं. प्रत्येक टोकाला दोन ठोके. मग कान. टोक चांगलं वाजलं की ती बोट दाखवायची; डाव्याला मी खडूने बरोबरची अर्धी खूण करायचे, उजव्याला पूर्ण. स्लीपर वाईट निघाला की ठिपका. ती कमरेत वाकून चालत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई. मी दर शंभराला आकडा मोठ्याने सांगत होते.

पुलावर तिने एक स्लीपर ठोकला, मग पुन्हा ठोकला. पुढचा ठोकला. त्याच्या पुढचा. मग हातोडी खाली ठेवली.

"धाकट्या."

भाऊ धावत आला. ओळीने तीन. मधल्याच्या भेगेत बोटभर पुट्टी होती आणि पुट्टीखाली काहीच नव्हतं. मावशीने पहारीने खिळा उपटायला घेतला तर तो हातानेच निघाला. दोघांनी मिळून गोदामाच्या मागे पडलेला एक बरा स्लीपर आणून घातला. चाळीस मिनिटं गेली. तो धरायचा तिथे ती ठोकायची.

अकराला साहेब आले. कोट घातला होता. हातात एक कागद होता. आम्ही तेव्हा पुलाच्या पुढे होतो.

"मावशी, हे काय चाललंय? झेंडी कुणी लावली?"

"मी."

"पाहुणे येतील हो. नव्या रंगावर हे खडूचं गिरबट. फोटोत कसं दिसेल?"

"साहेब, माझे ठिपके गेले. मला दोन दिवस द्या. नाहीतर चार माणसं द्या, उकरून बघू."

"काल दोन माणसं दिवसभर राबलीयेत. बघा किती छान दिसतंय."

"दिसतंय. रंगाने लाकूड घट्ट होत नाही."

"एकोणीस वर्षांत कधी गाडी पडली का? नाही ना? मग?"

मावशीने वर बघितलं. एवढंच म्हणाली, "का पडली नाही, ते मला विचारताय?"

साहेब हसले. मग कागद पुढे केला. तक्रार मालकांपर्यंत गेली होती. संबंधित कर्मचाऱ्याने लिहून द्यायला हवं होतं की तिने गैरसमजातून चुकीची माहिती दिली, ठिपके सजावटीचे होते. सही केली की विषय संपला. वर माझंच वाक्य होतं. बालमनाच्या कल्पनाविश्वाला रंगाची जोड.

मावशीने हात पदराला पुसले. कागद घेतला. सावकाश, ओळीखाली बोट फिरवत वाचला. सबंध वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"तू लिहिलंस?"

मी हो म्हटलं.

"छान लिहितेस, एमे."

टोमणा नव्हता. तो टोमणा असता तर मला आज झोप लागली असती. तिने कागदाची नीट घडी घातली, साहेबांच्या हातात परत दिली आणि पुढचा स्लीपर ठोकला.

"मावशी, मी चांगल्या शब्दांत सांगतोय."

ठोका. ठोका.

"नोकरीचा विचार करा. या वयात कुठे जाल?"

"एमे, नऊशे झाले का?"

"नऊशे चार," मी म्हटलं.

साहेब गेले. आम्ही वाजवत राहिलो. ऊन डोक्यावर आलं. तिने पाणी प्यायला नकार दिला, मग मी ओरडले तेव्हा दोन घोट प्यायली. साडेबाराच्या सुमारास बोगद्याच्या तोंडाशी पोचलो. आतून गार हवा येत होती आणि पाणी ठिबकत होतं. सगळ्यात वाईट स्लीपर आत होते. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, साहेबांना तिने दर वर्षी लेखी कळवलं होतं.

तेव्हा दोन सुरक्षारक्षक आले. ओळखीचेच. रोज तिला नमस्कार करणारे. एकाने मान खाली घालून सांगितलं, "मावशी, गेटपास द्या. हातोडीपण. कंपनीची आहे."

"हातोडी माझी आहे. दांडा तरी माझाच आहे."

"यादीत आहे हो."

तिने रुमाल काढून घेतला आणि हातोडी दिली. त्यांच्याबरोबर निघाली. खडीवरून. स्टेशनापाशी भाऊ इंजिनाशेजारी उभा होता. ती थांबली आणि इंजिनाकडे बघत म्हणाली, "खडूपर्यंत."

तो इंजिनाकडे बघत म्हणाला, "बरं."

मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की त्याने तिला जाऊ दिलं. सख्ख्या बहिणीला दोन पहारेकरी बाहेर काढतायत आणि हा पितळ पुसतोय. मी त्याला तसं बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "तू चारला डब्यात बस. गोष्ट सांगू नकोस. नुसती बस."

चार वाजता गाडी निघाली. झेंडी काढली होती. खडूच्या खुणा पुसायला माणूस पाठवला होता, पण तो पहिल्या वळणापर्यंतच पोचला होता. डब्यांत मालक, त्यांची नातवंडं, पाहुणे, पहिल्या डब्यात साहेब. एका नातवाने मला विचारलं, "ठिपके कुठे गेले?" मी खडूच्या खुणा बघत होते. बरोबर, बरोबर, ठिपका, बरोबर. पूल आला. गेला. बोगदा दिसला. मुलं ओरडायला लागली.

आणि गाडी थांबली.

इंजिनाची पुढची चाकं बोगद्याच्या तोंडाशी, बरोबर शेवटच्या खुणेआधी. वाफ सुटली. साहेब उडी मारून खाली उतरले.

"काय झालं?"

"काही नाही," भाऊ म्हणाला.

"मग चल ना पुढे."

"पुढे कुणी वाजवलेलं नाही."

"तू शुद्धीवर आहेस का? मालक बसलेत मागे."

"म्हणूनच."

मालक मागून विचारत होते, काय अडचण आहे. साहेब वळून गोड आवाजात म्हणाले, "काही नाही सर, देखावा बघायला थांबलोय." भावाने शिट्टी दिली, दांडा मागे ओढला आणि सबंध गाडी उलटी, माणसाच्या चालीने, स्टेशनावर आणून उभी केली. मग त्याने इंजिनातली आग खाली पाडून विझवली, हातमोजे सीटवर ठेवले आणि फाटकाकडे चालत गेला. त्याला कुणी बाहेर काढलं नाही. वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मीही राजीनामा दिला. त्याचं कौतुक नको. मला तो रविवारीच द्यायला हवा होता.

याला पाच आठवडे झाले. बोगद्यातलं एक लाकूडही कुणी उकरून पाहिलेलं नाही. स्टेशनावर पाटी आहे, 'तांत्रिक कारणामुळे बंद'. मुलांसाठी आता रबरी टायरची एक गाडी आणली आहे. वर इंजिनाचा आकार, आत ट्रॅक्टर. ती सिमेंटच्या रस्त्यावरून फिरते आणि धुराड्यातून भोंग्याचं गाणं वाजवते. लोक रांगा लावतात. साहेब अजून तिथेच आहेत. परवा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो होता. पर्यटकांच्या सुरक्षेबद्दल काहीतरी बोलले होते.

मावशीच्या घरी मी दर रविवारी जाते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भाऊ भाजी चिरत असतो, ती कप पुढे करते. मी नखाने वाजवते. ती हसते. कागदाबद्दल ती एकदाही बोलली नाही. मी माफी मागायला सुरुवात केली की म्हणते, "चहा निवतोय."

साहेबांनी तिला दोनदा निरोप पाठवला. सही कर आणि ये, जुना रूळ वर्षभरात पुन्हा सुरू करायचाय, तुझ्याशिवाय वाजवणारं कुणी नाही. ती दोन्ही वेळा म्हणाली, कागद तोच असेल तर उत्तरही तेच. पण दर रविवारी, मी चप्पल घालताना, ती एकच विचारते.

"वाजवले का कुणी?"

"नाही, मावशी."

"बघून ये एकदा. पाणी आत किती साचलंय ते."

काल तिकीट काढून गेले. बोगद्यापर्यंत खडीवरून चालले. खडूच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पण आहेत. मी मोजत गेले. पहिलं वळण सोडलं तर एक हजार शहाऐंशीपर्यंत सगळ्यांना खूण आहे. एक हजार सत्त्याऐंशीव्याला अर्धीच. रक्षक आले तेव्हा मी ती काढत होते. त्याचं डावं टोक वाजवून झालं होतं. मावशी वाकून उजव्या टोकाकडे सरकली होती.

ते वाजवायचं राहिलं.